सासरेबुवांचा सर्व्हर

माझं ऑफिस नांदेडला आणि सासर लातूरला. आठवडाभर मी आणि नवरा नांदेडला असतो, शनिवार-रविवार जमेल तेव्हा लातूर गाठतो. ऑफिसात माझं काम सर्व्हर सांभाळायचं. म्हणजे ते उभे करायचे, नको त्या लोकांपासून राखायचे आणि दमले तर का दमले ते शोधायचं. सासरी मात्र कुणी विचारलं की सांगायचे, 'सून कॉम्प्युटरचं काहीतरी करते.' हे 'काहीतरी' घरात नीट कळलं ते बाबांमुळे.

बाबा म्हणजे माझे सासरे. निलंगा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर हॉलच्या भिंतीवर फळा ठोकला आणि भाचीच्या मुलीसाठी मोबाइलवर धडे रेकॉर्ड करायला लागले. ते फळ्यापाशी आणि आई, म्हणजे सासूबाई, मोबाइल धरून समोर. ते धडे त्या मुलीकडून मैत्रिणींकडे गेले, तिथून नायगावकडच्या एका शाळेत. ओळख ना पाळख, पोरं फोन करून पुढचा धडा मागायला लागली. बाबांचा मोबाइल भरून गेला.

"मोठ्या साइटवर टाका ना बाबा, तिथं जागाच जागा आहे," मी म्हणाले.

"टाकला होता एक," बाबा म्हणाले. "प्रमेयाच्या ऐन मधात रमीची जाहिरात आली. एका पोरीच्या बापाचा फोन. म्हणे, गुरुजी, हे काय शिकवून राहिलात?"

मग मीच म्हणाले, आपला स्वतःचा सर्व्हर लावू, धडे घरच्याच कॉम्प्युटरवरून थेट पोरांकडे जातील. नवऱ्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावर धूळ खात पडला होता. तो खाली काढला, ब्रशने साफ केला, मेमरीची एक पट्टी वाढवली आणि लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली, टाकायला बसले. बाबा खुर्ची ओढून शेजारी आले.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. कसं लिहिलंय तेही उघडं ठेवलंय, ज्याला वाचायचं त्याने वाचावं."

"म्हणजे नुसतं उत्तर नाही, रीतसुद्धा दाखवली."

"हो, तसंच."

"मग चांगली माणसं हायत. सरक, मी टाइप करतो."

एका बोटाने टाइप करत, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत त्यांनी ते काम संध्याकाळपर्यंत नेलं. मी एकटीने केलं असतं तर दुपारच्या जेवणाआधी झालं असतं. पण शेवटी त्यांच्या मोबाइलवर 'गणित' असं शीर्षक असलेलं एक पांढरं पान उघडलं, तेव्हा त्यांनी आईंना स्वयंपाकघरातून बोलावून ते तीनदा बंद करून तीनदा उघडून दाखवलं.

पुढच्या खेपेला मी त्यांना सर्व्हरची नोंद दाखवली. स्क्रीनवर ओळीमागून ओळ सरकत होती. कुठून कुठून कुणीतरी आत शिरायला बघत होतं, वेगवेगळी नावं आणि पासवर्ड घालून.

बाबा पुढे वाकले. "हे कोण दार वाजवून राहिलंय?"

"माणसं नाहीत बाबा, यंत्रं असतात. इंटरनेटवर नवं मशीन दिसलं की आपोआप येतात आणि सोपे पासवर्ड लावून बघतात. तुमचा काय ठेवलाय?"

बाबांनी हळूच स्वयंपाकघराकडे बघून तो कोऱ्या पानावर टाइप केला. सासूबाईंचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत, आणि पुढे एक-दोन-तीन. नेमक्या तेव्हाच आई चहा घेऊन आल्या. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं.

"हे माझं नाव हाय?"

बाबा बशीत चहा ओतायला लागले.

"लग्न झाल्यापासून मला 'अगं' आन् 'ऐकलं का'," आई मला म्हणाल्या, "आन् या डब्याला रोज नाव सांगून राहिलेत."

"त्याला 'अगं' चालत न्हाई," बाबा म्हणाले.

मला हसूही आवरेना आणि पुढचं सांगायची पंचाईतही झाली. नाव आणि पुढे एक-दोन-तीन, असले पासवर्ड तर ही यंत्रं आधी लावून बघतात. बदलायला हवं, असं म्हणाले तर आईंचा चेहरा उतरला.

"राहू दे की गं. कुणाला कळून राहिलंय?"

शेवटी बाबांनी पासवर्ड म्हणून एक लांबलचक वाक्य ठरवलं. त्यात नाव आहे का, हे मी विचारलं नाही. मग फायरवॉल लावून नको ती सगळी दारं बंद केली आणि एक पहारेकरी बसवला. हा एक छोटा प्रोग्राम. लागोपाठ चुकीचा पासवर्ड घालणाऱ्याला तो काही वेळ आतच येऊ देत नाही.

त्याचा पहिला मोठा पराक्रम त्याच आठवड्यात कळला. मी नांदेडला ऑफिसात होते. बाबांचा फोन आला.

"मला बाहेर काढलं."

"कुणी?"

"तू बसवलेल्या पहारेकऱ्यानं. वाक्य टाइप करताना चूक झाली, मग पुन्हा झाली. आता दारच उघडत न्हाई. माझ्याच हॉलमध्ये मला बंदी."

मी ऑफिसातूनच त्यांची बंदी उठवली आणि म्हटलं, "तुम्हाला या नियमातून वगळून टाकते."

"नको. उशिरा येणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करायचो, हेडमास्तरच्या पोरालासुद्धा. मला कशाला वेगळं?"

परीक्षा जवळ आल्या तसे पोरांचे फोन वाढले. "गुरुजी, नुसतं गोल गोल फिरून राहिलंय." बाबांना जेवण गोड लागेना. मी लातूरला जाऊन बघितलं. एकेका धड्याची फाइल अवाढव्य होती आणि घरच्या लाइनीतून बाहेर जायची वाट अरुंद. शिवाय प्रत्येक पोरासाठी मशीन वेगळं काम उघडत होतं, मेमरी संपली की डिस्कवर उसनी जागा शोधत होतं, आणि तिथंच सगळं अडत होतं. मी धडे पाठवायचं काम एका हलक्या प्रोग्रामकडे दिलं, एका वेळी किती कामं उघडायची त्याला आवर घातला आणि धड्यांच्या लहान आवृत्त्या बनवल्या.

मशीन लगेच सुटलं. पण लहान आवृत्तीत फळा वाचता येईना. तीन आणि आठ सारखेच दिसायला लागले.

"जरा मोठी आवृत्ती करून बघू," मी म्हणाले.

बाबांनी शेजाऱ्यांचा जुना, काच तडकलेला फोन मागून आणला आणि त्यावर धडा बघितला. बराच वेळ बघितला.

"पोरांकडे असलेच फोन असतील. तुझं मशीन राहू दे तसंच. मीच मोठं लिहितो."

परीक्षेला हमखास येणारी प्रकरणं त्यांनी पुन्हा रेकॉर्ड केली. जाड खडू, ठसठशीत आकडे, फळ्यावर थोड्याच ओळी. आई मोबाइलमागून हुकूम सोडायच्या, "बाजूला सरका, आठ झाकून राहिलाय." मी तो आवाज कापणार होते. बाबा म्हणाले, राहू दे, ती बरोबर सांगते. एका सोमवारी ऑफिसात बसून मी लातूरच्या सर्व्हरचा आलेख उघडला. भरपूर पोरं एकाच वेळी धडे बघत होती आणि मशीनवरच्या भाराची रेघ निवांत, खालीच चालली होती. इतक्या मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळते मी, पण कुठल्या रेघेकडे बघून इतकं बरं वाटलेलं आठवत नाही.

यंदा किनवटकडच्या एका आश्रमशाळेतून फोन आला. तिथं नेटचा भरवसा नाही, शाळेच्या आतच चालेल असा सर्व्हर मिळेल का? मी दुसरं एक मशीन तयार केलं, पण ते पोचवायच्या दिवशी नेमकी मला रजा मिळेना. तर आई-बाबा दोघंच निघाले. नांदेडला आमच्याकडे मुक्काम करून, सर्व्हर गोधडीत गुंडाळून, सकाळच्या गाडीने मुदखेडवरून पुढे. दुपारी बाबांचा फोन, "लागला. आधी दारं बंद केली, मग धडे चढवले."

मागे पोरींचा गलका ऐकू येत होता. मग आई फोनवर आल्या. "या पोरी सोडून न्हाई राहिल्या. म्हणतेत, फोनातला धडा ऱ्हाऊ द्या, गुरुजींनी उद्या वर्गावर शिकवावं. यांचा हातच खडूवरून निघून न्हाई राहिला."

"मग राहा की आई," मी म्हणाले आणि परतीचं तिकीट परवाचं करून टाकलं.