देवीतात्या आणि रेवाचं दावं

देवीतात्या तीन भाषा बोलत, आणि कुणाशी कोणती बोलायची हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. गावातल्या माणसांशी अहिराणी. साहेबांशी आणि कचेरीतल्या लोकांशी शाळेतली मराठी, तीही हात जोडून, चार हात अंतर ठेवून. आणि घोडीशी पावरी, डोंगरातल्या आदिवासींची बोली. घोडी सातपुड्यापलीकडची, नर्मदेच्या काठची. शिंगरू असताना तिथून आणलेली, म्हणून नर्मदेचंच नाव, रेवा. कुणी हसलं की तात्या म्हणत, "तिले तिन्ही मायनी भाषा समजस. मराठी शिकीसन तिले काय अर्ज लिखना शे?"

तात्या देवी टोचणारे सरकारी नोकर होते, म्हणून देवीतात्या. आमचं गाव प्रकाशाच्या जवळ, तापीकाठी. तिथून महिन्यातले वीस दिवस ते लशीची पेटी घेऊन डोंगरात असत. तोरणमाळची चढण, मोलगीकडची खेडी, सगळं रेवाच्या पाठीवर. डोंगरातली माणसं सुई पाहिली की पोरं उचलून रानात पळायची. तात्या त्यांच्यामागे धावले नाहीत. वडाखाली बसायचे, बाही वर करायचे आणि सगळ्यांसमोर आधी स्वतःच्या दंडावर सुई ओढायचे. प्रत्येक गावात. त्यांचा डावा दंड खापराच्या तुकड्यासारखा खरबरीत झाला होता. "पयले आपला हात पुढे करना," ते म्हणत, "मंग लोकस्ना मांगना." सरकारी कायद्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. खिशात मोहाची वाळलेली फुलं असायची. चार पोरांना, चार रेवाला.

रेवालाही त्या नोकरीची सवय लागली होती. मूल रडण्याचा आवाज आला की ती जागच्या जागी उभी राही. वर्षानुवर्षं जिथं मूल रडतं तिथं आपल्याला थांबायचं असतं, एवढं तिनं शिकून घेतलं होतं. आमच्या आळीतून जाताना कुणाचं तान्हं रडत असेल तर घोडी थांबायची, आणि वर बसलेले तात्या आत डोकावून त्या पोराच्या आईला विचारायचे, "काय व वहिनी, टोचं का याले?" मग मला म्हणायचे, "पोऱ्या रडना की ती समजस, आपलं काम उनं. मन्हापेक्षा तिलेच पगार देवाले पाहिजे."

मी शिकलो तो तात्यांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केली नव्हती, अंगठाच. हे मी लपवत नाही, त्याचा मला अभिमानच आहे. चौथीनंतर वडील मला औताला लावणार होते. तात्या घोडीवरून उतरून आमच्या ओट्यावर बसले ते वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. मी पुण्याला कॉलेजात नाव घातलं त्या दिवसापासून, म्हणजे पदवी मिळायच्या चार वर्षं आधीपासून, ते मला "बीए" म्हणू लागले. "काय बीए, कव्हय उना?" सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. मला तेव्हा लाज वाटायची. नंतर कान त्यासाठीच उभे राहायचे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी तोरणमाळच्या घाटात तात्या पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. घोडीवर बसणं संपलं. रेवा दारात बांधून राहिली. डोंगर चढणारं जनावर एका जागी उभं राहून राहून त्याचे पाय सुजायला लागले. तात्या खाटेवरून ते पाय बघत आणि जेवण टाकत.

त्या दिवाळीच्या सुटीत माझा कॉलेजातला मित्र जगन माझ्याबरोबर गावी आला होता. नंदुरबारजवळच्या एका मोठ्या गावच्या पाटलांचा मुलगा. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. त्यानं रेवाला पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडे कुरण आहे. वडिलांना शेतावर फेरी मारायला शांत घोडी हवीच आहे. रोज दोन मैल चालेल, मोकळी चरेल." तात्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "बीए, तू काय म्हनस?"

मी म्हणालो, "तात्या, जगन माझ्या भावासारखा आहे."

"मी त्याले ओयखत नही," तात्या म्हणाले. "तुन्हा शबदवर दी ऱ्हायनू."

आणि त्यांनी रेवा दाव्यासकट दिली. आमच्या भागात जनावर विकलं तर दावं ठेवून घेतात. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. दाव्यासकट दिलं म्हणजे ते विकलेलं नसतं, सांभाळायला दिलेलं असतं, आणि मालक मागेल तेव्हा दाव्यासकट परत करायचं असतं. ते दावं तात्यांनी स्वतः वळलेलं होतं, अंबाडीचं, त्यात जुन्या निळ्या पागोट्याची एक चिंधी पिळलेली. "तुन्हा दोस्तले सांगजो, दावं बी देल शे," तात्या मला म्हणाले. जगन शेतकऱ्याच्याच घरचा. त्याला सांगायची गरज नव्हती, तरी मी सांगितलं. तो म्हणाला, "कळतं रे मला."

एप्रिलमध्ये शेवटची परीक्षा देऊन मी नंदुरबार स्टेशनावर उतरलो. जगन आठवडाभर आधीच घरी आला होता. त्यानं माझ्यासाठी टांगा पाठवला होता. त्याच्याकडे एक दिवस राहून मग गावी जायचं होतं. पाटलांचाच नवा टांगा, स्टेशनावर भाड्यानं चालणारा. मी ट्रंक ठेवली, बसलो. बाजारपेठेतून जाताना एका दुकानाच्या पायरीवर एक लहान मूल रडत होतं. टांगा थांबला. टांगेवाल्यानं चाबूक ओढला. घोडी हलली नाही. "अडेल शे हाई," तो म्हणाला. "पोऱ्या रडना की उभी ऱ्हास. मारी मारी हात दुखी गया मन्हा." त्यानं पुन्हा चाबूक मारला. तिच्या डोळ्यांना ढापणं होती, तिला मूल दिसतच नव्हतं. नुसता आवाज ऐकून उभी होती.

मी उतरायला हवं होतं. मी उतरलो नाही.

पाटलांच्या वाड्यावर जगन म्हणाला, "वडिलांनी मोटार घेतली. घोडी रिकामी होती. रिकामी ठेवून काय करायची?" आणि त्याच दमात म्हणाला, "तुझं नाव मी वडिलांना सांगून ठेवलंय. नवीन हायस्कुलाच्या कमिटीवर तेच आहेत. जूनमध्ये मास्तर म्हणून लागशील." जगनच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. माझ्याही बदललं नसावं. सौदा असा कुणी बोलून दाखवला नाही, पण तो झाला आणि तो मला कळला.

गावी आलो तर तात्या खाटेवर उठून बसले. "काय बीए! रेवा कशी शे?"

"बरी आहे," मी म्हणालो.

दोन महिने मी बरी आहे म्हणत होतो. मी नंदुरबारला निघालो की तात्या मोहाची फुलं फडक्यात बांधून द्यायचे, रेवासाठी. पहिली पुरचुंडी मी तापीच्या पात्रात सोडली. दुसऱ्या वेळी त्यांनी पुरचुंडी दिली आणि म्हणाले, "तिन्हा कानजवय जाईसन मन्हं नाव ले. फुलं मंग दे." मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. सांगून टाकलं. टांगा, ढापणं, चाबूक.

तात्यांनी पुरचुंडी माझ्या हातातून परत घेतली. मग विचारलं, "कव्हय देखी?"

"पंधरा दिवस झाले," मी म्हणालो. तिथंही खोटंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते बैलगाडीत गवताच्या पेंढ्यांवर आडवे झाले आणि आम्ही निघालो. पाऊस लागायला आठवडा असेल, तापीला उतार होता. प्रत्येक दगडावर त्यांचा खुबा दुखत होता, पण ते गाडी थांबवू देईनात. दुपारी पाटलांच्या वाड्यासमोर पोचलो. टांगा दारातच सोडलेला होता. रेवा गोठ्याच्या सावलीत उभी. छातीवर पट्ट्याच्या जागी कातडी सोलवटलेली, पाठीवर वळ, डावा मागचा पाय अधर धरलेला. दावं तिच्या गळ्यात नव्हतं. टांग्याखाली कडब्याची पेंढी बांधायला वापरलं होतं.

मोठे पाटील ओसरीवर आले. जगन मागे. तात्यांनी गाडीतूनच हात जोडले. "घोडी लेवाले उनू पाटील."

पाटील गोंधळले. "तुम्ही तर दिधी व्हती नं? जगन म्हने, कायमनी दिधी."

"मंग दावं कसं उनं तुमना घर?" तात्या म्हणाले. "इकेल जनावरनं दावं कोन देस?"

पाटलांनी टांग्याखाली पाहिलं. स्वतः वाकून पेंढी सोडली आणि दावं हातात घेतलं. निळी चिंधी मळून काळी पडली होती, तरी दिसत होती. "मन्हा पागोटानी चिंधी शे त्याम्हा," तात्या म्हणाले. पाटलांनी दावं उलटंपालटं केलं आणि मुलाकडे वळले. "तुले माहीत व्हतं?"

जगननं वडिलांकडे पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडे बोट केलं. "याला विचारा ना. एप्रिलमध्ये हा याच टांग्यात बसून इथं आला. घोडी ओळखली. जेवला, राहिला, नोकरीचं बोलला. तेव्हा एक शब्द काढला नाही. आता म्हाताऱ्याला घेऊन आलाय!"

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याच्यासाठी मी दोन महिने तोंड शिवून बसलो होतो आणि त्यानं ते दोन महिने माझ्याच तोंडावर फेकले. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. आणि तेव्हाच मला हेही कळलं, की तात्यांना याहून जास्त राग येण्याचा हक्क आहे, आणि तो जगनवर नाही.

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही बसला होतात का टांग्यात?" त्यांनी विचारलं.

मराठीत. शुद्ध, शाळेतल्या मराठीत. माझ्याशी जन्मात पहिल्यांदा.

"हो, तात्या," मी म्हणालो.

पाटलांनी स्वतःच्या हातानं दावं रेवाच्या गळ्यात घातलं. "तात्या, माफ करज्यात," म्हणाले आणि घरात गेले. मी दावं धरायला पुढे झालो. तात्यांनी गाडीवानाला हाक मारली, "तू धर रे भो." गाडीवानानं एका हातानं बैल हाकले आणि दुसऱ्या हातात दावं धरलं. मी गाडीमागून चालत आलो. वाटेत एका झोपडीजवळ मूल रडलं, तशी रेवा थांबली. तात्यांनी गाडी थांबवली आणि ते मूल गप्प होईपर्यंत थांबवून ठेवली. मग पावरीत तिला काहीतरी म्हणाले आणि ती चालू लागली.

मोठे पाटील शब्दाचे पक्के होते. जूनमध्ये मला नोकरी दिली. ती मी घेतली, हेही सांगतो. जगनशी पुन्हा बोललो नाही. तो मोठा माणूस झाला, सभांतून मैत्रीवर चांगलं बोलतो म्हणे.

रेवा लंगडतच दोन पावसाळे जगली. तात्या माझ्यावर कधी रागावले नाहीत, कुणाकडे माझं वाईट बोलले नाहीत. मी गेलो की बायकोला, आमच्या माईंना, चहा ठेवायला सांगत, माझ्या शाळेची चौकशी करत. सगळं मराठीत. गावात कुणाला यात वावगं वाटलं नाही. पोरगा मास्तर झाला, तात्या त्याला मान देतात, असंच लोक म्हणायचे.

शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर होते आणि रेवा दारात, त्याच दाव्याला. शेजारी कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. रेवाचे कान उभे राहिले. तात्या हसले, तिला त्यांच्या त्या पावरीत काही बोलले, आणि गाडीवानाच्या पोराला म्हणाले, "देख भो, म्हतारी झायी तरी नोकरी सोडत नही." मीही अंगणातच उभा राहून हसलो. वाटलं, आता वळतील आणि म्हणतील, काय बीए.

तात्या वळले. मला पाहून त्यांनी, साहेब आल्यासारखी, अंगावरची चादर नीट केली आणि दोन्ही हात जोडले.

"या," म्हणाले. "बसा. प्रवास बरा झाला ना?"