के आस्को

मी एका सेंद्रिय कापूस गटात काम करते. राळेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी कोणतं खत टाकलं, कशाची फवारणी केली हे वहीत लिहून घ्यायचं आणि वर्षातून एकदा परदेशातून कापूस घेणारे पाहुणे आले की त्यांना गावात फिरवायचं, हे माझं काम. वय बेचाळीस. स्पॅनिशशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो आला दोन शब्दांमुळे.

त्या वर्षीचे पाहुणे स्पेनचे होते. एक बाई आणि फोटो काढणारा एक माणूस. सोबत नागपूरहून आणलेला दुभाषा, पन्नाशीचा, अत्तर लावलेला. गटाच्या साहेबांनी त्यांना एका मावशीच्या घरी न्यायला सांगितलं होतं. दोन एकरांची शेती ती एकटी करते आणि गटात पहिल्या दिवसापासून आहे. पाहुणे येणार म्हणून मावशी अंगण सारवत होती. आणि आम्ही दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच जाऊन धडकलो.

"आले का बाप्पा एवढ्या लवकर!" असं म्हणत ती उठली. कोपरापर्यंत शेण. त्याच हातांनी नमस्कार करायला गेली, मग लक्षात येऊन हसली आणि हात मागे लपवले.

पाहुणी बाई एक पाऊल मागे सरली. फोटोवाल्याकडे वळून दोन शब्द बोलली. मला ऐकू आलं ते असं: के आस्को. फोटोवाला गालात हसला.

"म्याडम म्हणतात, खूप छान परंपरा आहे," दुभाषा म्हणाला.

मावशी खूश झाली. हात धुऊन पाणी घेऊन आली. पेले तसेच भरलेले राहिले.

त्या बाईने काहीतरी वाईट म्हटलं होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. कसं कळलं ते सांगते. आम्ही गोर, म्हणजे बंजारा, बोरी अरबजवळच्या तांड्यातले. घरी गोर बोली. दारव्ह्याच्या बाजारात माझी याडी, म्हणजे आई, आणि तिची बहीण कापड दुकानदाराच्या तोंडावर त्याच्याच पोटाबद्दल, त्याच्या लबाडीबद्दल आमच्या बोलीत काहीबाही बोलायच्या आणि वर मराठीत म्हणायच्या, "दाखवा ना दादा, तो हिरवा दाखवा." मीही त्यात असायची. समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत बोलताना माणसाचा चेहरा कसा गुळगुळीत होतो, हे मला आतून माहीत आहे. त्या बाईचा चेहरा तसाच होता.

घरी आल्यावर मोबाइलमधल्या भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपसमोर ते दोन शब्द बोलले. उत्तर आलं: हेल्मेट. पुन्हा बोलले. पुन्हा हेल्मेट. ते कास्को ऐकत होतं, म्हणजे हेल्मेट, हे मला पुढे कळलं. अंगण सारवणाऱ्या बाईकडे पाहून कोणी हेल्मेट कशाला म्हणेल? दुसऱ्या दिवशी दुभाष्याला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ द्या ना म्याडम. त्यांचं काम झालं, तुमचं झालं." त्याच्या त्या गोड आवाजाचा मला इतका तिटकारा आला की मी तेव्हाच ठरवलं, ही भाषा आपणच शिकायची.

साहेबांना सांगितलं तर ते हसले. "स्पॅनिश? कायले? इंग्रजी तं धड येत नाही तुले!"

सगळे वापरतात ते फुकटचं अ‍ॅप मी आधी घेतलं. त्यात एक कासव होतं. धडा संपला की ते नाचायचं, पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडायचे आणि मग वजन कमी करायच्या चूर्णाची जाहिरात यायची. दीड महिना मी रोज बसले. कासव दूध पितं. कासव दुःखी आहे. माझ्या काकाचं कासव वकील आहे. चुकीचं उत्तर दिलं तरी "जवळजवळ बरोबर!" एक दिवस नागा झाला तर कासव रडायचं. मोठ्या माणसाला लहान मूल समजून त्याच्या गालाला हात लावणारी माणसं असतात ना, तसं ते अ‍ॅप होतं. आणि सगळं इंग्रजीतून. आधी इंग्रजी वाक्य मनात जुळवायचं, मग स्पॅनिश. एका नदीतून दुसऱ्या नदीत जायला मधल्या गटारात उतरावं लागावं, तसं वाटायचं.

मग तीस दिवसांत फाडफाड स्पॅनिश, असा ऑनलाइन क्लास लावला. पडद्यावर साठेक चौकोन, सगळ्यांचे आवाज बंद. शिकवणारा देखणा होता, पांढरेशुभ्र दात. अर्धा तास स्पॅनिशने त्याचं आयुष्य कसं बदललं ते सांगायचा, दहा मिनिटं शिकवायचा, आणि उरलेला वेळ पुढच्या क्लासची जाहिरात. मी लिहून विचारलं, "के आस्को म्हणजे काय?" त्याने वाचलं आणि खो खो हसला. "हे तुम्ही कुठे ऐकलंत? सुंदर भाषा आहे हो, सुंदर शब्द शिकू या." आणि पुढे गेला. माझा आवाज बंद होता, त्यामुळे मी जे बोलले ते फक्त आमच्या स्वयंपाकघराने ऐकलं.

त्यानंतर बोलका सोबती म्हणून एक नवीन सॉफ्टवेअर. आपण बोलायचं, ते यंत्र उत्तर देतं, उच्चार तपासतं. प्रत्येक वाक्याला "उत्कृष्ट!" मला संशय आला. एके दिवशी सरळ वऱ्हाडीत म्हटलं, "मले भूक लागून राह्यली." यंत्र म्हणालं, "उत्कृष्ट! तुमचा उच्चार दिवसेंदिवस सुधारतो आहे." मी ते काढून टाकलं. आजवर मला इतक्या लोकांनी खोटं कौतुक ऐकवलं आहे, पण यंत्राच्या कौतुकाची खरोखर किळस आली. त्याला तर माझ्याकडून काही हवंही नव्हतं.

शेवटी उपयोगी पडलं ते एक रटाळ पुस्तक. यवतमाळला जुन्या पुस्तकांच्या दुकानात, स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्याखाली सापडलं. चित्रं नाहीत, कासव नाही. क्रियापदांचे तक्ते आणि सराव. तेही इंग्रजीतच होतं, पण मी आता इंग्रजीकडे लक्ष देणं सोडलं होतं. माती तपासणीच्या वाया गेलेल्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर तक्ते उतरवायचे आणि बाजूला मराठी लिहायची. तेव्हा कळलं की इतके दिवस मी उगीच हेलपाटा मारत होते. "मला आवडतं" हे स्पॅनिश लोक कसं म्हणतात हे समजवायला त्या पुस्तकाने तीन पानं घालवली होती, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तोच कर्ता होऊन पुढे बसतो. स्पॅनिशमध्ये म्हणतात मे गुस्ता. मले आवडते. संपलं. "मी" न म्हणता नुसतं "बोलते" म्हटलं तरी चालतं, क्रियापदच सगळं सांगतं. हे मला कोणत्याही अ‍ॅपने, कोणत्याही पांढऱ्या दाताने सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी शिकणारा माणूस इंग्रजीतच जन्मलेला असतो.

सोबत ऐकायला सावकाश बोललेले धडे मोबाइलमध्ये घेतले होते. घरगुती संवाद, बाजारातले संवाद. यवतमाळहून राळेगावला एसटीत परत येताना ते कानात लावायचे. तसंच एकदा बसले होते. धड्यात एक आई मुलाला जेवायला वाढते. पालकाची भाजी. मूल ताट ढकलतं आणि ओरडतं, के आस्को! मग सावकाश आवाजात अर्थ: शी, किती किळसवाणं.

पहिल्यांदा मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. दीड वर्ष शोधलेली वस्तू सापडल्याचा आनंद. शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं. मग मावशीचे कोपरापर्यंतचे हात डोळ्यांपुढे आले, ते मागे लपवून ती हसली होती ते आलं, आणि माझ्या आनंदाचीच मला शिसारी आली. मी कानातले इअरफोन काढले आणि राळेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

मावशीला मी काही सांगितलं नाही. कशाला सांगायचं, असं स्वतःला समजावलं.

त्याच वर्षी कापसाच्या हंगामात पाहुणे पुन्हा आले. तीच बाई, तोच फोटोवाला, तोच दुभाषा. या वेळी मावशीच्या शेतात, वेचणी चालू असताना. मला आता स्पॅनिश येतं हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं. दुभाष्याच्या मागे, वही घेऊन, जशी दरवर्षी उभी असते तशी उभी राहिले.

मावशीने कमरेला ओटी बांधली होती, कापसाने भरलेली. फोटोवाल्याने तिला उभं केलं. मावशी हसली. तिचे पुढचे दोन दात जरा पुढे आहेत, हसली की सगळा चेहरा हसतो. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला आणि त्या बाईला म्हणाला, के नो से रिया. हिला हसू देऊ नकोस. बाई म्हणाली, हो, असी, कोन कारा त्रिस्ते. असं, दुःखी चेहऱ्याने. मग पुढे म्हणाली, हसणाऱ्याकडून कोणी काही विकत घेत नाही. शब्द न् शब्द कळला. चेहरा आणि दुःखी हे दोन्ही शब्द तर त्या कासवानेच शिकवले होते.

दुभाषा म्हणाला, "मावशी, फोटोवाले साहेब म्हणतात, जरा आरामात उभ्या राहा. दूर बघा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणून राह्यले वो ते?"

आणि मी म्हणाले, "छान म्हणतात मावशी. छान दिसून राह्यली म्हणतात."

माझं तोंड ते बोललं. मला ऐकू आलं. तो दुभाष्याचा आवाज होता, तसाच गोड, तसाच गुळगुळीत. दीड वर्ष तक्ते पाठ केले, फॉर्मच्या फॉर्म भरले, आणि पहिल्यांदा त्या भाषेचा उपयोग केला तो हा. मावशीचं हसू हळूहळू उतरलं. कॅमेरा पाच-सहा वेळा वाजला. फोटोवाला म्हणाला, पेर्फेक्तो. ते तर कोणालाही कळलं असतं.

मी त्या दिवशी पाहुण्यांसोबत जेवले नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

आठ दिवस मी मावशीच्या गावाकडची फेरी टाळली. मग गेले. ती ओसरीत तूर निवडत होती. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी अंगणात ती बाई काय म्हणाली ते. शेतात फोटोवाला काय म्हणाला ते. आणि मी काय सांगितलं ते.

मावशीचा हात थांबला नाही. खडे बाजूला पडत राहिले.

"मंग? मले का समजलं नव्हतं?" ती म्हणाली. "तोंड दिसत होतं ना तिचं. पानी तिनं तोंडाले लावलं नाही. मले वाटे, तुलेच समजलं नाही. तू तं त्या अत्तरवाल्याच्या हरेक बोलन्यावर मान हलवत होती."

"अन् वावरात?"

"वावरात त्यायच्या सांगन्यानं मी थोडीच हासायची थांबली! तुह्याकडं पायलं म्या. तुह्यं तोंड असं झालं होतं, जसं कोनी मेलं. मले वाटलं हिच्या घरी काही झालं असन."

मीही तुरीतले खडे वेचू लागले.

वेचता वेचता म्हणाले, "मावशी, यापुढं त्यायले तुह्या घरी आनत नाही मी."

"येऊ दे ना," ती म्हणाली. "मले काय त्याचं? पन सांगून, टाइमावर येऊ दे. सारवन होऊन जाऊ दे माहं."

कार्यालयात मी साहेबांना सांगितलं की पुढच्या वर्षी दुभाषा नको, मी सांगेन, आणि जे बोलतील ते जसंच्या तसं सांगेन. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. "जसंच्या तसं कायले?" साहेब एवढंच म्हणाले. यंदा दुभाषा तोच आला. मला त्या दिवशी कार्यालयात बसून खतांच्या नोंदी पूर्ण करायला सांगितलं होतं. मी केल्या.

पुस्तक अजून आहे, सरावही चालू आहे. शिकलेलं विसरायचा काही मार्ग कोणी विकत नाही, नाहीतर मी तोही घेऊन पाहिला असता. परवा पाहुण्यांच्या कंपनीचं माहितीपत्रक ईमेलवर आलं. पहिल्याच पानावर मावशी. कमरेला कापूस, नजर दूर, चेहरा उतरलेला. खाली स्पॅनिशमध्ये लिहिलं आहे, तिचं मौन आपल्याशी बोलतं. फोटो चांगला आला आहे, हे कबूल करावं लागतं. त्याचीच जास्त किळस येते. तो चेहरा उतरला होता माझ्यासाठी. माझ्या घरी कोणी मेलं असेल म्हणून.