‘तारका-चावडी’चे संपादक

आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, मग तोंडाशी हात आडवा धरून म्हणायचं, "घरातली बातमी आहे. बाहेर बोलू नका." आणि गुरुवारी तीच बातमी स्वतःच्या साप्ताहिकात छापायची. आमच्या संपादकांची ही रीत अख्ख्या महाडला पाठ होती.

साप्ताहिकाचं नाव ‘तारका-चावडी’. नव्वदच्या दशकात नटनट्यांच्या बातम्यांचं साप्ताहिक महाडातून निघायचं, हे आज सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण निघायचं. लग्नपत्रिकांच्या छापखान्यातून निघायचं आणि मी तिथे मुद्रितं तपासायला होतो. चित्रांचे ठसे आमच्याकडे तीनच: एक मिशीवाला नायक, एक मान तिरकी केलेली नायिका आणि लग्नपत्रिकेवरचा गणपती. सगळ्या नायिकांची लग्नं, भांडणं, आजारपणं त्या एकाच तिरक्या मानेखाली आम्ही उरकली. वाचकांची कधी तक्रार आली नाही. येणार कशी? महाडात तो अंक कुणी वाचतच नसे. दवाखान्यात हातात पडला म्हणून नुसता चाळत, तोही आपला नंबर आला तरी खाली न ठेवता.

तुम्ही विचाराल, मुंबईच्या बंगल्यांतल्या बातम्या इथवर पोचायच्या कशा? त्या बंगल्यांतले बरेच स्वयंपाकी, ड्रायव्हर, वॉचमन पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतले. ते गणपतीला आणि शिमग्याला गावी येत. संपादक गणपतीत घरोघर दर्शनाला जात, आरतीला टाळ कुटत आणि प्रसादाबरोबर बातमी घेऊन खाली उतरत. तो साठा शिमग्यापर्यंत पुरवायचा असे. त्यामुळे भाद्रपदातलं भांडण आमच्या अंकात माघात पेटायचं आणि तोवर मुंबईत त्या दोघांचा साखरपुडा झालेला असायचा.

आमच्या या बातमीदारांना नटाचा अभिनय वगैरे कळत नसे. गणपतीला सुट्टी दिली तो थोर कलावंत, नाही दिली तो नालायक. एका बड्या नायकाने ड्रायव्हरला अडवून ठेवलं, तर संपादकांनी ‘गणपती विसरलेला नायक’ असा मथळा ठोकला. पुढे त्याचा सिनेमा महाडात लागला. पडद्यावर तो खलनायकाला दम देत होता, तेवढ्यात बिरवाडीकडचा कुणी कामगार पुढच्या रांगेतून ओरडला, "आधी सुट्टी दे रे त्या ड्रायव्हरला!" थिएटर खदखदलं. "याला म्हणतात पत्रकारिता," संपादक मला कोपराने ढोसत म्हणाले.

मग घरोघर केबल आलं. तारे स्वतःच घरात येऊन बोलायला लागले, आमची चावडी ओस पडली. स्टँडवरच्या पेपरवाल्याने बजावलं, "या वेळी काहीतरी जबरी द्या, संपादक. नायतर पुढचा गठ्ठा आणू नका."

आणि त्याच गणपतीत जबरी मिळालं. एका नायिकेच्या स्वयंपाक्याने आरतीनंतर संपादकांना परसात नेलं. त्याच्या पोटात राहीना. बाईंनी घरातच गुपचूप लग्न केलं होतं. हजर कोण, तर भटजी, दोन साक्षीदार आणि हा. मुंबईच्या एकाही मासिकाला पत्ता नव्हता. संपादकांनी मथळ्याचे शिशाचे खिळे स्वतः जुळवले. चावडी वाचली, असं मला वाटलं.

छपाईच्या सकाळी त्या स्वयंपाक्याची म्हातारी आई वाडीवरून उतरून छापखान्यात आली. सोबत टोपलीभर काकड्या.

"दादा, ते लग्नाचं छापताय ना? मग माझ्या पोराचं नाव बी टाका. येवढं लगीन त्यानं येकट्यानं रांधलं!"

"आई, नाव नाही टाकलं तरी कुणी सांगितलं ते बाईंना कळेल."

"मग बरंच हाय की! खूश होतील."

संपादकांनी तिला चहा मागवला. "घरात आणखी कोण कमावतं?"

"कोण नाय दादा. समदं त्याच्यावरच हाय."

ती गेल्यावर त्यांनी जुळवलेला मथळा सोडवला आणि खिळे एकेक करून पुन्हा खणात टाकले. मी म्हटलं, "अहो, मग अंक?"

"घरातली बातमी आहे," ते म्हणाले. या वेळी उजवीकडे-डावीकडे बघितलं नाही.

गुरुवारी तिरक्या मानेखाली मथळा आला: ‘गुणी नायिकेची स्वयंपाक्याला विसर्जनापर्यंत पूर्ण सुट्टी!’ पेपरवाल्याने पुढचा गठ्ठा घेतला नाही. तो शेवटचा अंक.

दिवाळीनंतर मुंबईच्या मासिकांनी ते लग्न रंगीत फोटोंसकट फोडलं. सलूनवाल्याने भर दुकानात विचारलं, "काय संपादक, तुमच्या घरच्या माणसांना हे कळलं नाय?"

"नाय कळलं, बाबा."

जन्मभर न कळलेलंही कळल्यासारखं सांगणारा हा माणूस! मी शेजारच्या खुर्चीवर होतो. सगळ्यांना ओरडून खरं सांगावं, असं मला वाटलं. त्यांनी आरशातूनच डोळे वटारले.

पुढे काही वर्षांनी संपादक गेले, ऐन पौषात. तेराव्याला मी त्यांच्या परसात गेलो, तर मोठ्या पातेल्यापाशी तोच स्वयंपाकी भात ढवळत उभा होता.

"सुट्टी कशी मिळाली?" मी विचारलं.

"लग्नाची बातमी मीच यांना दिली होती आणि यांनी ती छापली नाही, हे बाईंना सांगून टाकलं. म्हणाल्या, तेरावं उरकूनच ये."

ना गणपती, ना शिमगा, आणि तरी सुट्टी! पहिल्या पानाची बातमी होती, आणि छापायला संपादक नव्हते.