थांबा बाई

प्रश्न विचारून झाला की बाई चष्मा काढत आणि पदराच्या टोकाने काचा पुसत उभ्या राहत. काचा पुसून होत, चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढे, तरी त्या गप्पच. वर्गात फक्त पंख्याची कुरकुर. पुढच्या बाकांवरच्या हुशारांचे वर केलेले हात दुखायला लागत, पण बाईंची नजर मागे, हात न उचललेल्या पोरांवर. राळेगाव तालुक्यातल्या त्या शाळेत बाई गणित आणि विज्ञान शिकवत. सरावासाठी तिथे गेलेल्या आम्ही बी.एड.च्या मुलींनी त्यांचं नाव ‘थांबा बाई’ ठेवलं होतं. प्रेमाने नाही, कंटाळून ठेवलं होतं. ‘थांब’ हा शब्द आम्हाला त्यांच्याकडून दिवसातून वीस वेळा ऐकावा लागे.

मी उमरखेडकडच्या एका बंजारा तांड्यावरची. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि यवतमाळच्या कॉलेजात बी.एड.ला लागले, तेही एका संस्थेच्या शिष्यवृत्तीवर. खेड्यातल्या शाळांना गणित-विज्ञानाचे शिक्षक मिळावेत म्हणून ती संस्था आमची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च उचलत असे. अट एकच. दुसऱ्या वर्षी चार महिने शाळेत शिकवायचं, आणि तिथल्या मार्गदर्शक शिक्षकाने ‘शिकवण्यास पात्र’ असा अहवाल द्यायचा. अहवाल उलटा गेला तर शिष्यवृत्ती बंद. घरी माझ्या वडिलांनी, बापूंनी, मला शिक्षण चालू आहे तोवरचीच मुदत दिली होती. मुलाकडचे तयार होते, मुलगा बरा होता, शेत पाण्याखालचं होतं. शिक्षण मध्येच थांबलं तर माझ्याकडे ‘नाही’ म्हणायला कारणच उरणार नव्हतं. अहवाल लिहिणार होत्या थांबा बाई.

पहिल्याच तासाला बाई शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये अंग चोरून बसल्या. मी छान तयारी केली होती, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं काढलं होतं. तास संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “अकरा प्रश्न इचारले तू. अकराईचे उत्तरं तूच देल्ले. मंग पोट्टे कायले आले होते?”

मी म्हटलं, “बाई, ते बोलतच नाहीत.”

“बोलतीन. तुले काहून येवढी घाई? प्रश्न इचारला का आपलं काम संपलं, त्यायचं सुरू झालं. थांबाचं.”

मला ते अजिबात पटलं नव्हतं. तास पस्तीस मिनिटांचा, त्यात एकेका पोरासाठी दोन-दोन मिनिटं तोंडाला कुलूप लावून उभं राहायचं म्हणजे अभ्यासक्रम कधी संपणार? पण बाईंचा अभ्यासक्रम दरवर्षी संपायचा. कसा, ते मला बरेच दिवस कळलं नाही. एकदा एका मुलाने फळ्याकडे बघत बघत उत्तर शोधलं, ते चुकलं, त्याने स्वतःच मान हलवली आणि पुन्हा शोधलं. तेवढा वेळ बाई खिडकीशी उभ्या होत्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, “आता हे त्याले जलमभर नाई सांगा लागणार.” मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा प्रश्न, अकरा उत्तरं.

आमच्या पाठाचं एक टाचण असतं. त्यात कोणता प्रश्न विचारायचा हे आधीच लिहायचं असतं, आणि शेजारच्या रकान्यात त्याचं ‘अपेक्षित उत्तर’. वर्ग भरण्याआधीच पोरं काय बोलणार ते आम्ही लिहून मोकळे. मग तपासणीचा दिवस जवळ आला की बहुतेक मुली करत तीच गोष्ट मीही केली. संस्थेचे पाहुणे आणि कॉलेजचे सर माझा पाठ बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गाकडून सगळी उत्तरं पाठ करून घेतली. पहिल्या प्रश्नाला कोण उभं राहील, दुसऱ्याला कोण, तिसऱ्याला कोण, हेही ठरवलं. बाई त्या दिवशी, अधूनमधून असत तशा, अर्ध्या रजेवर होत्या. मला तो नशिबाचा कौल वाटला.

पाठ होता तरंगण्या-बुडण्याचा. टेबलावर पाण्याची बादली, दगड, लाकडाचा तुकडा, खिळा. पाहुणे खुर्चीवर, बाई आपल्या शेवटच्या बाकावर. पहिला प्रश्न छान गेला. मग घाबरल्या डोक्याने मी ‘लाकूड का तरंगतं’ हा दुसरा प्रश्न गाळला आणि थेट तिसरा विचारला, “खिळा पाण्यात का बुडतो?” दुसऱ्या प्रश्नाची मुलगी ठरल्याप्रमाणे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी असते.” तरी मी तसंच पुढे रेटलं, “मग लोखंडी जहाज का तरंगतं?” आता तिसऱ्याचा मुलगा उठला. “कारण त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त असते.” वर्गात कुणीही हसलं नाही. मी शिकवलेलं ते किती प्रामाणिकपणे परत देत होते, ते आठवून मला आजही लाज वाटते. पाहुण्यांनी पेन खाली ठेवलं.

मी घाईघाईने बरोबर उत्तर सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, “थांब.” मी थांबले. मग एक मुलगी उठली. तिला मी कुठलंच उत्तर दिलेलं नव्हतं, कारण ती आदल्या दिवशी आलीच नव्हती. म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी भांडे घासतांनी रिकामा गंज पाण्यावर पोहते. त्यात पाणी गेलं का बुडते. गंज तं तोच हाय. मंग बदललं काय?” गंज म्हणजे तिकडचं पातेलं. मला पुस्तकातलं वाक्य येत होतं, उत्तर येत नव्हतं. घंटा झाली.

बाईंनी अहवाल माझ्यासमोर लिहिला. “उत्तरे आधी पाठ करून घेतली होती. आज शिकवण्यास पात्र नाही. एका महिन्याने पुन्हा पाठ पाहावा.” मी रडले, भांडले. एक ओळ बदलली असती तर त्यांचं काय गेलं असतं, असंही म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, “तुह्या माय-बापाले एखाद्या वक्ताले तोंड दाखवा लागन मले. त्या पोट्ट्यायसमोर तं रोज उभं राहा लागते.” त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

संस्थेने महिन्याची मुदत मान्य केली, पण तोवर खर्च थांबवला. बातमी तांड्यावर पोचली आणि बापूंचा निरोप आला, सामान बांध. त्या रविवारी बाई स्वतः दोन एसट्या बदलून माझ्याबरोबर तांड्यावर आल्या. याडीने, माझ्या आईने, भाकरी वाढली, त्यांनी चतकोरच खाल्ली. मग बापूंना विचारलं, “भाऊ, एक महिना पोरगी माह्या घरी ठेवाल काय?” आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. माझी बाजू मांडली नाही की माझं कौतुक केलं नाही. मी मध्ये बोलणार होते, याडीने मला डोळ्यांनी दाबलं. शेवटी बापू म्हणाले, “तुमीच नापास केली, अन् तुमीच ठेवून घेता?”

“हाव,” बाई म्हणाल्या. “नापास मी केली, मंग शिकवीन कोन?”

बापूंनी मुलाकडच्यांना कळवलं की महिनाभर काही ठरवू नका.

बाईंच्या घरी त्या एकट्याच होत्या. तिथे राहिले तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या कपाटात औषधांच्या चिठ्ठ्यांची जाड चळत आहे आणि त्या नेहमी अर्धी रजा कशाला काढतात तेही कळलं. विचारलं तर म्हणाल्या, “ते मोठं काई नाई. टाचण आण.” महिनाभर त्यांनी मला एकच काम दिलं. टाचणातला ‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना कोरा ठेवायचा आणि पोरं खरंच काय बोलली ते तास संपल्यावर त्यात भरायचं. पहिल्या आठवड्यात मी जे भरलं ते वाचून मला कळलं की मी इतके दिवस एकाही पोराचं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या पाठाला तेच पाहुणे आले. कोरा रकाना पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी बादलीत रिकामा गंज सोडला, एक प्रश्न विचारला आणि गप्प उभी राहिले. गंजातली हवा, गंजाचा पत्रा, त्याने बाजूला सारलेलं पाणी, हे सगळं पोरांनीच ओढूनताणून, भांडत, तीनदा चुकून बाहेर काढलं. तास संपला तरी दोघं बादलीवरून हटत नव्हती.

बाईंनी अहवाल लिहून पाहुण्यांना दिला आणि त्यांनी वाचून माझ्याकडे दिला. ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असं त्यावर कुठेच नव्हतं. लिहिलं होतं, “उपचारासाठी मी उद्यापासून नागपूरला जात आहे. माझे आठवी ते दहावीचे सर्व तास हिच्याकडे देत आहे. मुख्याध्यापकांची संमती घेतली आहे.” खाली नेहमीची ठसठशीत सही.

मी त्यांच्याकडे पाहिलं. “बाई, कधी येणार?”

“दहावीचं प्रकाशाचं प्रकरण बाकी हाय,” त्या म्हणाल्या. “ते उद्या सुरू करजो.”

दुसऱ्या दिवशी मी ते सुरू केलं. संस्थेने तोच अहवाल ‘पात्र’ म्हणून धरला आणि शिष्यवृत्ती पुन्हा सुरू झाली. बाई परत आल्या नाहीत. दहावीची मुलं परीक्षेला बसली त्याच्या आधीच त्या गेल्या, आणि मी शिक्षिका झाले हे त्यांना सांगायचं राहून गेलं. आता वाटतं, ते त्यांना माझ्या आधी माहीत होतं.