चिखलदऱ्याच्या धुक्यातली हाक
ओल्या शेवाळाचा वास आला की चिखलदऱ्याची ती सकाळ आठवते. तळ्याभोवतीची वाट इंग्रजांच्या काळात मडमांना फिरण्यासाठी आखलेली, सपाट होती. धाकट्या भावाने मात्र हट्टाने कड्याची वाट धरली आणि दाट धुके उतरले, तसा तो दिसेनासा झाला. मी त्याला टाकून पळालो, असे नातलग सांगतात. ते साफ खोटे आहे. मी नावाने हाका मारीत होतो. पण रानात नावाची हाक चकव्याची असते, तिला ओ देऊ नये, या घरच्या शिकवणीपायी तो गप्प होता. शेवटी मी हुंदके देत ओरडलो, “अबे गाढवा, मायले काय सांगू मी?” जवळूनच आवाज आला, “दादा, तूच हायेस नं? चकवा इतका रडत नाई!” त्याचा हात हाती आला तेव्हा त्याच्या टाचेखालची माती दरीत सुटत होती. मी त्याला मागे ओढून घेतले. तो होता तोवर माझी बाजू घेई; आज तो नाही. माझ्या बाजूने बोलणारे कोणीच उरले नाही.