पाय आणि बूस्टर

त्याचा चेहरा आता नीट आठवत नाही. तळपाय मात्र आठवतात.

आठवड्यातून तीन वेळा मी आमच्या यांना डायलिसिससाठी रोह्याहून पेणला नेते. गाडी जुनी. तेव्हा दोन महिने ब्रेक दाबताना पेडलवर जवळजवळ उभं राहावं लागत होतं. मला वाटलं, माझा गुडघाच गेला. मी मुकाट्याने तेल चोळत राहिले.

शेवटी शेजाऱ्यांनी एकदा गाडी चालवून पाहिली आणि एका मेकॅनिकला घरी पाठवलं. कंपनीतली शिफ्ट संपवून तो थेट आला. त्याने पेडल एकदाच दाबलं.

"काकी, पाय नाय गेला तुमचा. बूस्टर गेलाय. पायाला मदत करतो तो."

मग डोकं पेडलखाली आणि पाय सीटच्या पाठीवर, असा उलटा होऊन तो तासभर नट सोडवत राहिला. सुटलेला नट तोंडात धरायचा.

नवा बूस्टर बसल्यावर त्याने मला पेडल दाबून धरायला लावलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. पेडल माझ्या पायाखाली अलगद खाली गेलं.

"गाडी थांबत व्हती, म्हणून कळलं नाय," तो हात पुसत म्हणाला. "बूस्टर गेला तरी ब्रेक लागतो. फक्त सगळा जोर माणसाचा जातो."

मी चहा घेऊन बाहेर आले, तर तो पायरीवर भिंतीला टेकून झोपला होता, पाना हातातच.

त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. कपावर बशी झाकली आणि मीही त्याच पायरीवर टेकले.

पेण उद्या होतं.