मेस्त्रींच्या डब्यातला तुकडा

'बरोबर आहे का?' या प्रश्नाला आमच्या मेस्त्रींनी कधी उत्तर दिलं नाही. मी दिवसातून वीस वेळा विचारायचो. आठवीत शाळा सोडलेल्याला आपलं काही बरोबर असेल असं वाटतच नाही. मेस्त्री मान वर न करता म्हणायचे, "मला काय विचारतोस मेल्या? लाकडाला विचार." मग मी रंधा फिरवायचो आणि लाकूड सांगायचं. बहुतेक वेळा 'नाही' असंच.

रत्नागिरीत त्यांची सुतारकामाची शेड होती, नारळाच्या झापांनी शाकारलेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, एकोणिसाव्या वर्षी, मी खेडकडच्या गावातून तिथे आलो, म्हणून माझं नाव 'खेडकर' पडलं. खरं आडनाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांचा रंधा उचलला. त्यांनी तो काढून घेतला, रागावून नव्हे, चुकून घातलेली आपली चप्पल कुणाच्या पायातून परत घ्यावी तसा. "दुसऱ्याच्या रंध्यानं केलेलं काम दुसऱ्याचंच दिसतं. आधी आपला कर."

त्यामुळे पहिले दोन महिने मी दार केलं नाही की खुर्ची केली नाही, नुसती हत्यारं केली. पटाशीच्या मुठी, पटाशीवर मारायची लाकडी ठोकणी, मग रंधा. त्याचं पातं लोहाराने एस.टी.च्या भंगारातल्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलं. "आपल्या रस्त्यांनी पाटा आधीच बडवलेला असतो," मेस्त्री म्हणायचे, "लोहाराला काम उरतं किती!" लाकूड खैराचं. रंध्याच्या तळाला पातं डोकावायला फट ठेवतात, तिला तोंड म्हणतात. तोंड अरुंद, तर काम गुळगुळीत. मी मात्र भीतभीत कोरत, पुन्हा बघत, पुन्हा कोरत पहिल्या ठोकळ्याचं तोंड एवढं केलं की करंगळी आत जायची. मेस्त्रींनी ठोकळा उलटसुलट पाहिला.

"बरं झालं. दुपारचं उशाला काय नव्हतं तुला."

शेड सोडेपर्यंत मी दुपारी त्याच्यावरच डोकं ठेवून पडायचो.

दुसरा ठोकळा जमला. पण त्याआधी मेस्त्रींनी त्याच लाकडाच्या टोकाचा दोन बोटं रुंद तुकडा कापून ठेवला होता. त्यावर पेन्सिलीने 'खेडकर' लिहिलं आणि तो पत्र्याच्या डब्यात टाकला. डब्यात असे पुष्कळ तुकडे होते, त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाचा एक. रंध्याचा तळ झिजतो. तो पुन्हा सपाट करावा लागतो आणि दर वेळी तोंड रुंदावतं. मग लाकूड सोललं जाण्याऐवजी उचकटतं. तेव्हा तोंडापाशी तुकडा बसवायचा, तोही त्याच लाकडाचा. "सख्खा भाऊ तो. पावसात दोघं एकदम फुगतात. परका घातलास तर सांधा भांडतो."

तुकडा ते कुणाच्या हाती देत नसत. शिमग्याला मुंबईहून आलेली माणसं आपापला रंधा पिशवीत घालून शेडवर यायची. मेस्त्री तोंड बघून म्हणायचे, "काय रे, मुंबईत ह्यानं कांदे सोलतोस?" मग डबा उघडायचा.

माझं मस्कतचं ठरलं तेव्हा मी तुकडा मागितला. "मेस्त्री, समुद्रापलीकडं चाललोय. तिथं कोण बसवून देणार?"

"तोंड रुंदावलं की ये."

काकी, म्हणजे मेस्त्रींची बायको, चहा घेऊन आली होती. "देऊन टाका हो. रडेल आता तो."

"रडला तर रडू दे. तुकडा दिला की माणूस परत येत नाय."

मस्कतला सगळं काम मशीनवर. माझा रंधा पाहून फोरमन हसायचा, आणि दार चौकटीत अडकलं की मलाच हाक मारायचा. मेस्त्रींकडे काढलेल्या दोन वर्षांच्या शिकण्यावर माझं घर चाललं. पहिली सुट्टी बहिणीच्या लग्नात संपली. खेडहून रत्नागिरी काही लांब नव्हती. तोंड अजून तेवढं रुंदावलेलं नाही, पुढच्या खेपेला जाऊ, असं मी ठरवलं. पुढची सुट्टी मंजूरच झाली नाही. रंधा लाकूड उचकटू लागला तरी मी तसाच वापरत राहिलो.

मग एका संध्याकाळी रत्नागिरीजवळच्या मालगुंडचा एकजण सुट्टीवरून परतला आणि आमच्या खोलीवर आला. कागदाची पुडी पुढे करून म्हणाला, "काकींनी दिलंय." आत तुकडा होता.

"अरे, मेस्त्री—"

"कळलं," मी म्हणालो. "चहा घेतोस?"

रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी अकरा दारांना बिजागऱ्या बसवल्या, एकही वाकडी नाही. जेवलो, झोपलो. तिसऱ्या दिवशीही तेच. हात चालत होते, एवढंच.

तुकडा नीट पाहिला तो नंतर. 'खेडकर' ही अक्षरं पुसट झाली होती. त्यांच्याखाली एक बाण होता, ताजा, वाकड्यातिकड्या रेघेचा. कुठलं टोक पुढे ठेवायचं, ते सांगणारा. मी मालगुंडवाल्याला गाठून विचारलं. काकींनी त्याला सांगितलं होतं: शेवटच्या आठवड्यात मेस्त्रींनी अंथरुणावर डबा मागवला, आणि फक्त माझा तुकडा काढला. म्हणाले, "मुंबईवाले एकमेकांना विचारतील. हा मेला तिथं कुणाला विचारणार?"

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी रंध्याच्या तळाला खाच घेतली. बाणाची बाजू वर ठेवली असती तर सपाट करताना ती निघून गेली असती. म्हणून ती आत घातली आणि सरस लावून तुकडा दाबून धरला. सवयीने मान वर केली, विचारायला. समोर कोणी नव्हतं.

मी अजून इथेच आहे. रंधाही आहे. सांधा अजून भांडलेला नाही.